कडेचा टाका जातो कुठे?

या महिन्याची जवळजवळ सगळी पत्रं एकाच टाक्याबद्दल आहेत. मागच्या अंकात क्रोशाचा मुका खांब हा टाका दिला होता आणि शेवटी लिहिलं होतं, "वीस टाक्यांचा चौकोन विणून बघा, अडलात तर कळवा." बरेच जण अडले आहेत, म्हणजे बऱ्याच जणांनी खरंच विणायला घेतलं.

ज्यांच्या हाती तो अंक आला नाही त्यांच्यासाठी कृती थोडक्यात सांगते. सरकती गाठ करून आकडीच्या सुईवर चढवा आणि २१ साखळ्या घाला (दोरा घेऊन सुईवरच्या लूपमधून, म्हणजे फासातून, ओढला की एक साखळी). सुईपासून दुसऱ्या साखळीत सुई घाला, दोरा घेऊन बाहेर ओढा. सुईवर आता दोन लूप असतील. परत दोरा घ्या आणि दोन्ही लूपमधून एकदम ओढून काढा. हा झाला एक मुका खांब. असे २० झाले की ओळ संपली. एक साखळी घाला, काम फिरवा आणि पुढची ओळ सुरू करा. एवढंच आहे. पत्रं मात्र पिशवीभर.

ताई, माझा चौकोन वर जाता जाता निमुळता होतो. वीस टाक्यांनी सुरुवात केली होती, दहाव्या ओळीला मोजले तर चौदा. मैत्रीण म्हणते, तू फार ओढून विणतेस म्हणून असं होतंय. खरं का? (एक वाचक, सातारा)

मैत्रिणीचं म्हणणं बाजूला ठेवा. ओढून विणलं तर कापड आखडतं, टणक होतं, पण टाके कमी होत नाहीत. विसाचे चौदा झाले याचा अर्थ सहा टाके घातलेच गेले नाहीत. आणि ते मधले नाहीत. मधला टाका राहिला तर तिथे बारीक भोक दिसतं, डोळ्यांना खटकतं. कडेचा राहिला तर काहीच दिसत नाही. कापड गुपचूप तिरकं होत जातं आणि दहा ओळींनी आपण दोऱ्याला दोष देतो.

कडेला टाका हरवायच्या जागा दोनच. पहिली ओळीच्या सुरुवातीला. काम फिरवण्याआधी जी एक साखळी घालतो ती फक्त सुई पुढच्या ओळीच्या उंचीवर नेण्यासाठी असते. मुक्या खांबाच्या कामात तिला टाका म्हणून मोजायचं नाही. त्यामुळे पहिला मुका खांब त्या साखळीच्या अगदी पायाशी असलेल्या टाक्यात जातो. तिथे सुई घालताना जागा फार जवळ वाटते, "इथे तर मी आत्ताच होते" असं वाटतं आणि हात आपोआप पुढच्या टाक्यात जातो. गेला एक टाका. हा गोंधळ बहुतेक वेळा लांब खांबाच्या, म्हणजे सुई घालण्याआधी दोरा घेऊन विणायच्या उंच टाक्याच्या, कृती बघून होतो. त्यात सुरुवातीच्या तीन साखळ्या हाच पहिला खांब धरतात आणि पायाशी असलेला टाका सोडून देतात. तो नियम तिथला, इथे आणायचा नाही.

दुसरी जागा ओळीच्या शेवटी. शेवटचा टाका जरा कलंडलेला असतो, फिरवण्याच्या साखळीला चिकटून तिच्या आड लपतो. तो दिसला नाही की आपण ओळ संपली असं समजून काम फिरवतो. काही जणी नेमकं उलट करतात. टाकाही विणतात आणि त्या साखळीतही एक मुका खांब घालतात. मग चौकोन वर रुंद होत जातो. अशी तीन पत्रं याच गठ्ठ्यात आहेत, त्यांनाही हेच उत्तर.

तिरक्या कडेकडे बघून चूक सुरुवातीची की शेवटची हे ओळखायला जाऊ नका. प्रत्येक ओळीनंतर आपण काम फिरवतो, म्हणून एकच चूक सारखी होत राहिली तरी ती एकदा उजव्या कडेला पडते, एकदा डाव्या. दोन्हीकडून उतार येतो तो त्यामुळेच.

उपाय सेफ्टी पिनचा. ओळीतला पहिला मुका खांब घालून झाला की लगेच त्याच्या डोक्यावर पिन लावा. परतीच्या ओळीत शेवटचा टाका कुठला, हे शोधायलाच नको. जिथे पिन आहे तिथे. पिन काढा, टाका घाला, काम फिरवा, नव्या पहिल्या टाक्याला परत पिन लावा. आणि निदान सुरुवातीच्या काही ओळी प्रत्येक ओळ संपल्यावर मोजा. मोजायचं वरून. कापडाच्या वरच्या कडेला वेणीसारखे एकापुढे एक व्ही दिसतात, एक व्ही म्हणजे एक टाका. सुईवर असलेला लूप मोजायचा नाही, सुरुवातीला साखळ्या मोजतानाही नाही.

तुमच्या हातातला तुकडा जिथे शेवटचे २० टाके होते त्या ओळीपर्यंत उसवा. कमी झालेले सहा वरच्या ओळीत कुठेतरी कोंबून भरपाई करू नका, कड वाकडीच राहील. क्रोशात सुईवर एकच लूप जिवंत असतो. सुई काढून दोरा ओढला की ओळी सरसर सुटतात, आणि पाहिजे तिथे थांबून लूपमध्ये परत सुई घातली की झालं. दोन सुयांच्या विणकामात एवढी सवलत नाही, तिथे सुटलेला एक टाका खालपर्यंत घसरत जातो. ही सोय शिकताना पुरेपूर वापरावी. उसवायची लाज असलेल्या बायकांचे चौकोन मी कपाटात कोंबलेले पाहिले आहेत.

मला टाका कुठला आणि भोक कुठलं हेच कळत नाही. तुम्ही लिहिता "व्ही दिसेल", मला सगळं सारखंच दिसतं. वसतिगृहात रात्री विणते. ड्रेसवर जाईल म्हणून काळी लोकर आणली आहे, ती जराशी केसाळ आहे. (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नांदेड)

तुझ्या पत्रातच उत्तर आहे, आणि ते एक नाही, तीन आहेत. काळी, केसाळ आणि रात्री. मी पस्तीस-चाळीस वर्षं विणते आहे, तरी ट्यूबलाइटखाली काळ्या केसाळ लोकरीतला टाका मलाही दिसत नाही, मी तो बोटाने चाचपते. तुझ्या बोटांना ती ओळख अजून व्हायची आहे.

ती लोकर ठेवून दे, स्कार्फला होईल. शिकायला फिक्या रंगाचा, गुळगुळीत, मध्यम जाडीचा दोरा घे. पिवळा, आकाशी, मोतिया, काहीही चालेल. ओसवाल किंवा वर्धमानची साधी, न फुगलेली ॲक्रिलिक लोकर कुठल्याही लोकरीच्या दुकानात मिळते. चार पदरी सुती दोरा मिळाला तर त्याहून बरं, कारण त्यात टाका उठून दिसतो. सुई साडेतीन किंवा चार मिलिमीटरची. आईच्या किंवा आजीच्या डब्यातली स्टीलची बारीक सुई आणि वीस नंबरचा पांढरा दोरा यांच्यापासून सुरुवात करू नकोस. ते दिसायला साधं असतं, पण टाका मोहरीएवढा आणि सुई सव्वा मिलिमीटरच्या आसपासची. शिवाय दोऱ्याचा आणि जुन्या स्टीलच्या सुयांचा नंबर उलटा चालतो. नंबर मोठा तितका दोरा बारीक, सुईही बारीक. मिलिमीटरचं तसं नाही, आकडा मोठा तर सुई जाड. दुकानात मिलिमीटरच विचार, म्हणजे भांडण नको.

आता व्ही कसा शोधायचा. चार-पाच ओळी झालेला तुकडा मांडीवर न ठेवता दोन्ही हातांत धरून वरच्या कडेकडे बघ, पुस्तकाच्या पानांची कड बघतो तसं वरून. दोन समांतर दोरे दिसतील, एक तुझ्या बाजूचा आणि एक पलीकडचा. दोन्ही मिळून एक व्ही, एक टाका. सुई या दोन्ही दोऱ्यांच्या खालून गेली पाहिजे. एकाच दोऱ्याखालून घातलीस तरी टाका होतो, पण मग कापडावर आडव्या रेघा उमटतात आणि वीण जरा सैल राहते. तशी रेघांची वीण मुद्दाम घालतातही, पण आत्ता ती नको. व्हीच्या खाली जी फट दिसते ती दोन टाक्यांच्या पायांमधली जागा, तीच तुला भोक वाटते आहे. सुई तिथे घालायची नाही.

एक दुपार नुसतं बघण्यात घालव. विणलेल्या ओळीतला प्रत्येक व्ही सुईच्या टोकाने उचलून सोडून दे, मोज, परत उचल. माझ्या वर्गात नवीन आलेल्या मुलींना मी हे करायला लावते तेव्हा त्या कंटाळतात, पण ज्यांनी ते केलं त्यांच्या कडा नंतर सरळ येतात. हाताची हालचाल तासाभरात येते. विणलेलं वाचता यायला वेळ लागतो, आणि ते आलं की चूक कुठे झाली हे मला पत्र लिहून विचारावं लागत नाही.

ताई, माझे टाके इतके घट्ट होतात की पुढच्या ओळीला सुई आत शिरत नाही. मी निवृत्त आहे, तांत्रिक काम करत आलो, तेव्हा कारण समजलं तर बरं. घरचे हसतात ते वेगळंच. (एक वाचक, जळगाव)

तांत्रिक माणसाला तांत्रिक उत्तर देते. सुई हातात घेऊन नीट बघा. टोकाशी आकडी, तिच्या मागे निमुळती मान, तिच्या मागे एकसारख्या जाडीचा गोल दांडा आणि मग अंगठा टेकवायची चपटी जागा. सुईवर ३.५ असं लिहिलेलं असतं ते माप दांड्याचं. मान त्याहून बारीक असते. नवीन माणूस लूप निसटेल या भीतीने सगळं काम मानेवरच करतो. म्हणजे सुई साडेतीनची, पण लूप होतो त्याहून कितीतरी लहान मापाचा, आणि मग त्यात साडेतीनची सुई शिरणार कशी? दोरा घेऊन बाहेर ओढलेला प्रत्येक लूप मागे दांड्यावर सरकवा, दांड्याएवढा होऊ द्या, मगच पुढची हालचाल करा. बहुतेक घट्टपणा एवढ्यानेच जातो.

तरी सुरुवातीची साखळी घट्ट राहतेच असं दिसलं तर साखळी चारच्या सुईने घाला आणि पहिल्या ओळीपासून साडेतीनची घ्या. डाव्या हाताचंही बघा. दोरा करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून यायला हवा आणि बोटांतून सरकत राहायला हवा. तर्जनीला दोन-तीन वेढे मारून आवळलेला दोरा सरकत नाही. सुई पेनसारखी धरा किंवा भाजी चिरायच्या सुरीसारखी, दोन्ही बरोबर आहेत. मनगट दुखलं तर थांबा, दुसऱ्या दिवशी करा.

हसणाऱ्यांना पहिला चौकोन गरम पातेलं उतरवायला द्या. सुती दोऱ्याचाच द्या मात्र, त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

फक्त मुका खांब येतो. एवढ्यावर काय काय करता येईल? (एक वाचक, बार्शी)

भरपूर. देवघरातलं आसन, फोनची पिशवी, चष्म्याचं घर, कपाखाली ठेवायचे चौकोन, भांडं धरायचे रुमाल. मुक्या खांबाची वीण दाट आणि घट्ट असते, म्हणून पिशव्या आणि आसनं त्यात छान होतात. ओढणी, शाल असं अंगावर रुळणारं काही यात करू नका, पुठ्ठ्यासारखं उभं राहील. त्याला लांब खांब लागतो.

चौकोन करायचा असेल तर २० टाक्यांना २० ओळी पुरत नाहीत. मुका खांब रुंदीपेक्षा उंचीला किंचित कमी असतो. दोन-चार ओळी जास्त लागतात, किती ते तुमच्या हातावर आहे. तुकडा तिरका दुमडून कोपऱ्याला कोपरा लावून बघा. जुळला की थांबा.

आणि भांडं धरायचा रुमाल ॲक्रिलिक लोकरीचा कधीही करू नका. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच्याच घराण्यातला धागा, तापलेल्या कढईला लागला तर वितळून चिकटतो, हातालाही. स्वयंपाकघरात सुतीच, आणि दुहेरी.

माझी आई नागपूरला, मी न्यू जर्सीत. ती फोनवर "मुका खांब, खांब" सांगते, इथल्या पुस्तकात सिंगल क्रोशे आणि डबल क्रोशे लिहिलेलं असतं, आणि एका इंग्लंडच्या कृतीत सिंगल हा शब्दच नव्हता. ती कृती केली तर रुमाल ताटाएवढा व्हायचा तो परातीएवढा झाला. (एक वाचक, न्यू जर्सी)

तुमचा रुमाल परातीएवढा झाला कारण इंग्लंडच्या कृतीतला डबल तुम्ही अमेरिकेतला समजून विणलात. दोन्ही देशांत टाके तेच, नावं एका पायरीने सरकलेली. आईचा मुका खांब म्हणजे अमेरिकेतला सिंगल क्रोशे आणि इंग्लंडमधला डबल क्रोशे. आईचा खांब, म्हणजे मी वर म्हटलेला लांब खांब, हा अमेरिकेतला डबल, इंग्लंडमधला ट्रेबल. अर्धा खांब अमेरिकेत हाफ डबल, इंग्लंडमध्ये हाफ ट्रेबल.

कृतीत कुठेही सिंगल क्रोशे दिसला की ती अमेरिकी, कारण इंग्लंडच्या पद्धतीत त्या नावाचा टाका नाही. आपल्याकडे घराघरांत नावं थोडी वेगळी चालतात, म्हणून आईला नावापेक्षा हालचाल विचारा. "सुई घालण्याआधी दोरा घेतेस का?" नाही म्हणाली तर मुका खांब. हो म्हणाली तर खांब किंवा अर्धा खांब. मग विचारा, सुईवरच्या तीन लूपमधून एकदम ओढतेस की दोन-दोन करून? एकदम असेल तर अर्धा.

सुईचंही तसंच. तिकडे सुईवर अक्षरं असतात, ई म्हणजे साडेतीन मिलिमीटर, एच म्हणजे पाच. आईला अक्षर सांगू नका, मिलिमीटर सांगा. आणि शक्य असेल तर चिन्हांची आकृती मागा. साखळीला लहान लंबगोल, मुक्या खांबाला फुली किंवा अधिकचं चिन्ह, खांबाला टी आणि त्यावर एक तिरकी रेघ. ही चिन्हं नागपूरला आणि न्यू जर्सीला सारखीच वाचतात. मायलेकींचा फोनही जरा कमी वेळ चालेल, अर्थात तो कमी व्हावा असं तुम्हाला वाटत असेल तर.

तांब्यावर घालायचा गोल रुमाल विणते आहे. सपाट न होता वाटीसारखा वर वळतो. कडेला मणी लावायचे आहेत. (एक वाचक, रत्नागिरी)

वाटी होते म्हणजे वाढवलेले टाके कमी पडले. मुक्या खांबाचा गोल सपाट राहायचा तर प्रत्येक फेरीत सहा टाके वाढले पाहिजेत. दोन साखळ्या घालून पहिल्या साखळीत सहा मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, झाले १२. तिसऱ्या फेरीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, असं आलटून पालटून, १८. चौथ्या फेरीत दोन टाक्यांत एकेक आणि तिसऱ्यात दोन, २४. असंच पुढे. फेरीच्या पहिल्या टाक्याला पिन हवीच, नाहीतर फेरी कुठे संपली ते कळत नाही आणि तुमचं जे झालं ते होतं. उलट झालर पडू लागली तर टाके जास्त वाढले. वाढीचे टाके प्रत्येक फेरीत एकावर एक येत गेले तर गोलाला सहा कोपरे दिसू लागतात. ते नको असतील तर वाढीची जागा दर फेरीला थोडी सरकवा. लांब खांबाच्या गोलाला सहाऐवजी साधारण बारा धरतात.

मणी शेवटी लावता येतील असं समजू नका. शेवटच्या फेरीचा दोरा सुरू करण्याआधी सगळे मणी त्या दोऱ्यात ओवून घ्यायचे आणि विणता विणता पाहिजे तिथे एकेक पुढे सरकवायचा. दोन-चार जास्तच ओवा. मणी जरा वजनदार घ्या, वाऱ्याने रुमाल उडू नये म्हणूनच तर ते असतात.

माझी नऊ वर्षांची मुलगी डावखुरी आहे. मी शेजारी बसून शिकवते तर दोघी रडकुंडीला येतो. (एक आई, अमरावती)

शेजारी बसू नका, समोर बसा. तुम्ही उजव्या हाताने विणता ते तिला समोरून आरशातल्यासारखं दिसेल आणि तिने तसंच्या तसं करायचं. तिची ओळ डावीकडून उजवीकडे जाईल, गोल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरेल. दोन्ही बरोबर. मुका खांब डाव्या हाताने घातला तरी मुका खांबच राहतो, लिहिलेली कृती तिला जशीच्या तशी चालते. फक्त आकृती वाचताना उलट्या बाजूने वाचायची. तिला उजव्या हाताने विणायला लावू नका, कृपा करा.

जाऊबाईंच्या मुलीच्या रुखवतासाठी क्रोशाचे सहा रुमाल आणि तोरण करून दिलं. त्यांनी दोऱ्याचे पैसे दिले आणि म्हणाल्या, "तुझा वेळ तर जातोच ना यात." आता बाहेरूनही मागणी येते आहे. भाव कसा सांगू? (एक वाचक, कोल्हापूर)

जाऊबाईंचा विषय घरातला, त्यात मी पडत नाही. पण त्यांचं वाक्य जुनं आहे आणि फार लांबून आलेलं आहे.

आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. १८४४ च्या सुमारास स्कॉटलंडहून आलेल्या एका मिशनरी दाम्पत्याने तिथल्या बायकांना क्रोशा शिकवला असं सांगतात. त्यातून मोठा लेसचा धंदा उभा राहिला, माल परदेशात जाऊ लागला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे राहून या बायकांचा अभ्यास केला आणि १९८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. बाया रोज कित्येक तास विणत, पण त्यांना कामगार कोणी म्हणत नसे. त्या गृहिणी आणि त्यांचं विणणं फावल्या वेळचं, असं मानलं की मजुरी तितकीच कमी देता येते. व्यापार मात्र पुरुषांच्या हातात. २०२४ मध्ये नरसापूरच्या या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाने नाव राखलं जातं. विणणारीच्या हातात किती पडतं हा हिशेब वेगळा, आणि तो दर वेळी विणणारीनेच मांडावा लागतो.

तुमचा हिशेब असा मांडा. नेहमीच्या वेगाने एक रुमाल विणताना घड्याळ लावा. गप्पा मारायला, दूध उतू जाऊ नये म्हणून उठायला लागलेला वेळ वगळा. त्या तासांना तुमच्या गावात शिवणकाम करणारी बाई तासाला काय घेते तो दर लावा. त्यात दोरा आणि मणी मिळवा. जो आकडा येईल तो तुम्हाला भलताच मोठा वाटेल. सगळ्यांनाच वाटतो. तो मागायचा की कमी करायचा हे तुम्ही ठरवा, पण कमी केलात तर किती सोडले ते गिऱ्हाइकाला सांगूनच करा. बाजारात क्रोशा लेस म्हणून स्वस्तात मिळते ती बहुतेक वेळा यंत्रावर, निराळ्या विणीने केलेली असते. कोणी त्या भावाशी तुलना केली तर दोन्ही तुकडे शेजारी ठेवा आणि मागची बाजू दाखवा.

एक सुचवते. रुमालांऐवजी आधी तोरणाची मागणी घ्या. वेळ जवळपास तोच लागतो, पण तोरण दारावर दिसतं. रुमाल रुखवताच्या फोटोनंतर ट्रंकेत जातो आणि ट्रंकेतल्या वस्तूला लोक पैसे मोजायला कुरकुरतात.

तुकडा विणून झाला, गाठ मारून दोरा कापला. पहिल्याच धुण्यात सुटला. (एक वाचक, डोंबिवली)

गाठीपाशी कापलात ना? शेवटचा टाका झाला की वीतभर दोरा ठेवून कापा, तो शेवटच्या लूपमधून पूर्ण ओढून घ्या. मग लोकरीच्या मोठ्या नाकाच्या सुईत ओवून टाक्यांच्या पायांतून एकदा उजवीकडे, मग परत डावीकडे, मग एकदा वर असा तीन दिशांना फिरवा, आणि तेव्हाच उरलेलं टोक कापा. सुरुवातीच्या गाठीपाशी लोंबणाऱ्या टोकाचंही असंच करा. सुती दोरा असेल तर तिसरी फेरी टाळू नका, सूत गुळगुळीत असतं, निसटतं.